फितीआड राहिलेले अक्षर

जीवरसायनाच्या कोणत्याही आधुनिक ग्रंथात हिमोग्लोबिनचे चित्र म्हणून जे छापलेले असते, त्यात चार वेटोळलेल्या फिती एकमेकींस बिलगून बसलेल्या दिसतात. आणि ते चित्र आता इतके परिचित झाले आहे, की आपल्या रक्तात खरोखर अशाच फिती वाहत असाव्यात, असा वाचकाचा सहज समज व्हावा. वस्तुतः तेथे फीत कोठेच नाही; आहेत ते एकमेकांना खेटलेले नऊ हजारांहून अधिक अणू. फीत ही पाहणाऱ्याच्या सोयीसाठी काढलेली आहे, आणि ती काय दाखवते याइतकेच ती काय गाळते हेही जाणून घेण्यासारखे आहे.

प्रथिनाच्या रचनेच्या पायऱ्या मोजण्याची रीत डेन्मार्कच्या लिंडरस्ट्रोम-लांग यांनी १९५१ च्या सुमारास घालून दिली. पहिली पायरी क्रमाची. वीस जातींची अमिनो आम्ले एकापुढे एक ओवली जाऊन साखळी तयार होते, आणि प्रत्येक आम्लास एकेक रोमन अक्षर नेमून दिलेले असल्याने ही पायरी मांडण्यास चित्र लागतच नाही, अक्षरांची ओळ पुरते. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनच्या ५१ आम्लांचा क्रम १९५५ पर्यंत लावून दाखवला, तेव्हा प्रथिनाचाही ठरलेला मजकूर असतो, हे सिद्ध झाले.

दुसऱ्या पायरीपाशी मात्र थोडे थांबावेसे वाटते. १९४८ साली ऑक्सफर्डमध्ये पडशाने अंथरुणास खिळलेल्या लायनस पॉलिंग यांनी एका कागदावर साखळी रेखाटली, आणि सांध्यासांध्याशी कागद दुमडीत दुमडीत त्याची अशी गुंडाळी केली, की साखळीतील हायड्रोजन वरच्या वळशातील ऑक्सिजनच्या नेमका समोर यावा. हेच ते अल्फा मळसूत्र. त्याच्या एका वळशात ३.६ आम्ले येतात. दुसरा प्रकार शेजारी शेजारी धावणाऱ्या साखळ्यांच्या पटाचा. लुगड्याच्या निऱ्या पाहिलेल्या वाचकास तो निराळा समजावून द्यावा लागणार नाही. पण साखळीने नेमके हेच दोन आकार का पत्करावेत? याचे लखलखीत उत्तर १९६३ साली मद्रासहून आले. गो. ना. रामचंद्रन व त्यांचे सहकारी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी प्रत्येक सांध्यावरील दोन कोनांचा एक नकाशा आखला, आणि अणूंची टक्कर जेथे होते तेथे मनाई, जेथे होत नाही तेथेच मुभा, असा हिशेब मांडला. तेव्हा मुभेचा मुलूख अगदी थोडका उरला, आणि मळसूत्र व निऱ्या दोन्ही त्यातच निघाली. आजही प्रथिनाची नवी रचना दप्तरी दाखल व्हावयाची, तर ती या नकाशावर पडताळून पाहण्याचा रिवाज आहे.

तिसरी पायरी म्हणजे सबंध साखळीची घडी. १९५७ साली जॉन केंड्रू यांनी मायोग्लोबिनची घडी प्रथम पाहिली आणि प्लॅस्टिसिनची, आतड्याच्या गुंडाळीसारखी प्रतिकृती घडवली. तिच्यात अपेक्षित सममिती मुळीच नव्हती. अशा अनेक घड्या एकत्र नांदू लागल्या की चौथी पायरी. हिमोग्लोबिनमध्ये १४१ आम्लांच्या दोन आणि १४६ आम्लांच्या दोन साखळ्या असतात.

फितीच्या चित्रांना शिस्त लावली ती अमेरिकेच्या जेन रिचर्डसन यांनी, १९८१ साली, स्वतःच्या हाताने रेखाटून. मळसूत्रासाठी वेटोळी फीत, निरीसाठी साखळीची दिशा दाखवणारा बाण, आणि उरलेल्या भागासाठी बारीक दोरी, ही त्यांची लिपी आज संगणकही गिरवतो. गुंत्यातून घडी वेगळी काढून दाखवण्याचे तिचे सामर्थ्य अजोड आहे. परंतु गावनकाशात शेतांच्या हद्दी दिसाव्या आणि पीक दिसू नये, तशी फीत केवळ साखळीच्या कण्याची वाट दाखवते. प्रत्येक आम्लाची जी निराळी शाखा, ती बहुधा गाळलेली असते.

विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्या सिकलसेल विकाराने कुटुंबेच्या कुटुंबे त्रस्त आहेत, त्याचे मूळ अशाच एका शाखेत आहे. बीटा साखळीच्या सहाव्या स्थानी पाण्याशी सख्य असलेल्या ग्लुटामिक आम्लाऐवजी पाण्याला विन्मुख असे व्हॅलीन येते. प्राणवायू सोडून दिलेल्या रेणूवरील हे व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन बसते, रेणूंचे लांबलचक दोर वळले जातात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी आणि विकारी हिमोग्लोबिनच्या एकेका रेणूची फितीची चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर जाणकाराच्या नजरेसही त्यांत भेद सापडणे कठीण; तो पाहावयाचा तर पुन्हा पहिल्या पायरीवर, अक्षरांच्या ओळीकडे यावे लागते, जेथे १४६ अक्षरांत सहावे तेवढे ‘ई’ चे ‘व्ही’ झालेले असते.