विंचवावरची गोळी दर तीन तासांनी कशासाठी?

आखाड्यावर झोपलेल्याला किंवा काडीकचरा उचलणाऱ्याला विंचू चावतो. दवाखान्यात पहिली गोळी मिळते, घाम कमी होतो, जिवात जीव येतो. मग नातेवाईक विचारतात, "डॉक्टरसाहेब, आता घरी नेऊ का?" धोका इथेच असतो.

लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचू शकते. आपल्या मराठवाड्यातील देहेडचे (जि. जालना) डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरली. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचे निष्कर्ष छापले. ही गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते.

पण रक्तातील प्राझोसिन दोन-तीन तासांत निम्मे होते आणि विषाचा जोर त्याहून जास्त वेळ टिकतो. म्हणून हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी गोळी द्यावी लागते.

प्राझोसिनच्या रेणूत फ्युरान नावाचे पाच अणूंचे वलय आहे. त्यात दोन दुहेरी बंध असतात आणि यकृतातील विकरांना असे वलय फोडणे सोपे जाते. रसायनशास्त्रज्ञांनी बाकी रेणू तसाच ठेवून या वलयात चार हायड्रोजन अणू जोडले. दुहेरी बंध गेले आणि टेराझोसिन तयार झाले. ते निम्मे व्हायला सुमारे १२ तास लागतात. डॉक्साझोसिनमध्ये त्या जागी वेगळीच जोडवलये बसवली, तर हा काळ २२ तासांच्या आसपास गेला. म्हणूनच प्रोस्टेटच्या रुग्णाला ती दिवसातून एकदा पुरते.

मग विंचवावरही टिकाऊ गोळीच का देऊ नये? कारण या रुग्णाचा रक्तदाब तासागणिक बदलतो. तो फार उतरला, तर लवकर ओसरणारे औषधच बरे. पुढचा डोस थांबवता येतो. प्राझोसिनचीही साधी गोळीच द्यायची, हळूहळू विरघळणारी नव्हे.

म्हणून विंचू उतरवण्यात वेळ घालवू नका. आजोबांची प्रोस्टेटची गोळी देऊ नका. गोळीनंतर रुग्णाला आडवेच ठेवा, एकदम उठल्यास भोवळ येते. आणि बरे वाटले तरी डॉक्टर सांगेपर्यंत दवाखाना सोडू नका.