करार रखडतो, लग्नहि रखडतें

अंबरनाथ-बदलापुराहून रोज आगगाडीनें मुंबईची कचेरी गाठणाऱ्या वाचकांस चि. वि. जोशी यांचे कारकून चिमणराव घरचेच वाटतात. त्यांचा एक फ्रेंच बोलणारा भाऊबंद आम्हांस ठाऊक आहे: बेल्जियन चित्रकार फ्रांकँ यांचा, १९५७ सालीं ‘स्पिरू’ साप्ताहिकांत अवतरलेला आळशी गास्तों. द मेस्मेकर शेटजी करारावर सही करावयास येतात आणि गास्तोंच्या उपद्व्यापानें बहुधा रागावून परततात. कचेरींतील झानवर त्याचा जीव. पण दोघें एकमेकांस ‘अहो’च म्हणतात! चिमणरावांचें लग्न लागून विनोद संसारांत शिरतो. येथें कराराप्रमाणें लग्नहि रखडतें, म्हणून पुढील आठवड्याची गंमत शिल्लक राहते. साहेबास न जुमानणारा गास्तों प्रेमांत मर्यादा सोडीत नाहीं; यामुळेंच आपण त्याला हसतों, पण हिणवीत नाहीं.