सहाध्यायी-अध्यापन : साधन आणि संवाद

ज्ञान व्यक्तीच्या मनात साठत असले, तरी ते सिद्ध होण्याची प्रक्रिया पुष्कळ अंशी सामाजिक असते, हा विचार शिक्षणशास्त्रात आता रूढ झाला आहे. तो वर्गात उतरवताना मात्र एक व्यावहारिक अडचण उभी राहते. शंभर-दोनशे विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देणाऱ्या अध्यापकास त्यांपैकी कोणाला काय समजले, हे कळण्याचा सुलभ मार्ग नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी उत्तरसंकलनाची निरनिराळी साधने वर्गात आली. त्या साधनांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे ‘सहाध्यायी-अध्यापन’ या पद्धतीच्या अभ्यासावरून चांगले स्पष्ट होते.

या पद्धतीचा उगम एका अपेक्षाभंगात आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या हालून आणि हेस्टेनिस या अभ्यासकांनी 1985 मध्ये असे दाखवून दिले, की यामिकीचा रूढ अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतरही गती आणि बल यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या भाबड्या कल्पना बव्हंशी तशाच राहतात. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी त्याच धर्तीची चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तरे वर्गात शिकवल्याप्रमाणे द्यावयाची, की एरवी आपण विचार करतो त्याप्रमाणे? किचकट गणिते सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात ज्ञानाचे असे दोन स्वतंत्र कप्पे असावेत, ही गोष्ट मझूर यांना अस्वस्थ करून गेली. 1991 पासून त्यांनी आपल्या अध्यापनाची रीतच पालटली.

नव्या रीतीत व्याख्यानाचे लहान लहान भाग पाडले जातात आणि प्रत्येक भागानंतर संकल्पनेची कसोटी घेणारा एक प्रश्न मांडला जातो. उदाहरणार्थ, अवजड मालमोटार आणि छोटी मोटार समोरासमोर आदळल्या, तर कोणती कोणावर अधिक बल लावते? न्यूटनचा तिसरा नियम मुखोद्गत असणारेही अनेक जण ‘मालमोटार’ असेच उत्तर देतात. वस्तुतः दोन्ही बले समान असतात. वस्तुमान कमी असल्याने छोट्या मोटारीच्या वेगात होणारा बदल तेवढा अधिक असतो. प्रत्येक विद्यार्थी प्रथम एकट्याने विचार करून आपले उत्तर नोंदवतो. बरोबर उत्तरांचे प्रमाण फारच कमी असल्यास अध्यापक विषय पुन्हा समजावतो; फार अधिक असल्यास पुढे जातो. ते सुमारे 30 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान असल्यास मात्र विद्यार्थी शेजाऱ्यांशी चर्चा करतात, आपल्या उत्तराची कारणे एकमेकांस पटवून देण्याचा प्रयत्न करतात आणि मग पुन्हा उत्तर देतात. शेवटी अध्यापक खुलासा करतो.

येथे एक आक्षेप संभवतो. चर्चेनंतर बरोबर उत्तरे वाढतात, याचे कारण हुशार शेजाऱ्याचे अनुकरण एवढेच नसेल कशावरून? कोलोरॅडो विद्यापीठातील आनुवंशिकीच्या वर्गात याचा पडताळा घेण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरील दुसरा प्रश्न विद्यार्थ्यांना एकट्याने सोडवण्यास दिला गेला. पहिल्या प्रश्नास चर्चेपूर्वी सरासरी 52 टक्के उत्तरे बरोबर होती. दुसऱ्या प्रश्नास 73 टक्के. विशेष म्हणजे, ज्या गटांत आरंभी कोणासही उत्तर ठाऊक नसण्याचा संभव होता, तेथेही प्रगती झाल्याचे विश्लेषणातून दिसले. वायगॉट्स्की यांनी अधिक जाणत्या सोबत्याच्या साहाय्यास महत्त्व दिले होते. पियाजे यांनी समानांमधील मतभेदास. या प्रयोगात दुसऱ्या विचारास पुष्टी मिळते. आपले मत शब्दांत मांडावे लागले, की त्यातील विसंगती बोलणाऱ्याच्याच ध्यानी येते.

आता साधनाचा प्रश्न. विद्यार्थ्याच्या हातातील कळयंत्राने उत्तर गुप्त राहते, गणना तत्काळ होते आणि नोंद टिकते. अल्पभाषी विद्यार्थ्यासही त्यामुळे मत नोंदवता येते. हे लाभ खरे आहेत. तथापि कॅनडातील एका महाविद्यालयात कळयंत्रे वापरणारा वर्ग आणि अक्षरे लिहिलेली साधी पुठ्ठ्याची पत्रके उंचावणारा वर्ग यांची तुलना केली असता, संकल्पनांच्या आकलनात लक्षणीय अंतर आढळले नाही. नॅथॅनिएल लास्री यांनी हा निष्कर्ष 2008 मध्ये मांडला. इतकेच नव्हे, तर साधन कधी कधी विघ्नही ठरते. चर्चेपूर्वीच मतगणनेचा आलेख पडद्यावर दाखवल्यास विद्यार्थी बहुमताच्या उत्तराकडे झुकतात, असे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळून आले. बहुमत कळले, की युक्तिवादाची गरज सरते.

यावरून साधनाचे स्थान निश्चित होते. उत्तरे गोळा करणे हे त्याचे कार्य. विचारास चालना देणे हे प्रश्नाचे, आणि विचार तावून-सुलाखून घेणे हे सहाध्यायांच्या संवादाचे. ज्या संस्थेस यंत्रे परवडत नाहीत, तिला ही पद्धत वर्ज्य नाही. आणि जिच्यापाशी यंत्रे आहेत, तिला केवळ त्यांच्या बळावर ती साधणार नाही. चांगला प्रश्न रचण्यास विषयाची आणि विद्यार्थ्यांच्या चुकांचीही सखोल जाण लागते. ती जाण अध्यापकाने स्वतः संपादन करावयाची असते. यंत्रासोबत ती मिळत नाही.