छायाचित्रांची रोजनिशी

दिवसभरातील व्यवहारांची नोंद त्याच दिवशी करून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पेशव्यांच्या दप्तरात रोजच्या हुकमांच्या आणि जमाखर्चाच्या नोंदी होत असत. त्यांना रोजकीर्द म्हणत. नोंद करणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने ते नित्याचे काम होते. आज त्याच नोंदी इतिहासाची मोलाची साधने ठरल्या आहेत. रोजच्या नोंदीचे महत्त्व बहुधा असे मागाहून कळते.

लेखणीऐवजी कॅमेरा हाती घेऊनही अशी रोजनिशी ठेवता येते. दररोज एक छायाचित्र काढावे आणि ते तारखेनुसार जपून ठेवावे, एवढीच तिची पद्धत. वर्षअखेरीस ३६५ चित्रे जमतात. लीप वर्षात ३६६.

या छंदाचे एक विलक्षण उदाहरण अमेरिकेत घडले. जेमी लिव्हिंग्स्टन हे न्यूयॉर्कमधील छायाचित्रकार होते. विद्यार्थिदशेत, ३१ मार्च १९७९ रोजी, त्यांनी पोलरॉइड कंपनीच्या एसएक्स-७० या कॅमेऱ्याने एक छायाचित्र काढले. या कॅमेऱ्यातून चित्राचा कागद लगेच बाहेर येई आणि काही मिनिटांत त्यावर चित्र उमटे. काही आठवड्यांनी त्यांच्या लक्षात आले, की आपण साधारणपणे रोज एक चित्र काढत आहोत. मग त्यांनी तोच नेम केला. एका दिवसाचे एकच चित्र, हा त्यांचा नियम होता.

हा नेम अठरा वर्षांहून अधिक काळ चालला. मित्रमंडळी, जेवणाचे टेबल, रस्ते, खेळ, प्रवास असे साधेच विषय त्यांत आहेत. पुढे लिव्हिंग्स्टन यांना मेंदूत गाठ झाली. तरीही चित्रे थांबली नाहीत. रुग्णालयातील दिवसही त्या मालिकेत आले. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या ४१व्या वाढदिवशी, त्यांचे निधन झाले. त्या दिवसाचे चित्र हे मालिकेतील अखेरचे चित्र होय. मागे सहा हजारांहून अधिक छायाचित्रे उरली. २००७ मध्ये त्यांच्या मित्रांनी, ते जेथे शिकले त्या बार्ड महाविद्यालयात, या चित्रांचे प्रदर्शन भरवले.

यांतील एखादेच चित्र सुटे पाहिले, तर त्यात विशेष काही आढळणार नाही. क्रमाने पाहू लागताच मात्र एका माणसाचे आयुष्य डोळ्यांसमोर उलगडते. चेहरे प्रौढ होत जातात, काही माणसे दिसेनाशी होतात, नवी येतात. हे सामर्थ्य सातत्यातून आलेले आहे.

सर्वसामान्य माणसालाही एका वर्षापुरता हा नेम करून पाहता येतो. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. साधा मोबाइलही पुरतो. रोज वेगळा विषय घ्यावा किंवा एकच ठिकाण निवडावे. घराच्या गच्चीवरून रोज उगवत्या सूर्याचे चित्र घेतले, तर जूनमध्ये पूर्वेच्या उत्तरेकडे असलेले सूर्योदयाचे स्थान डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे सरकलेले दिसेल. उत्तरायण आणि दक्षिणायन हे शब्द पाठ असणाऱ्यालाही त्यांचा अर्थ तेव्हा प्रत्यक्ष उमगतो. अंगणातील झाड, चालता शिकणारे मूल, बांधकाम चाललेला रस्ता हेही असेच विषय होत.

या रोजनिशीत मोठी अडचण येते ती काही न घडलेल्या दिवसांची. पहिला उत्साह ओसरला, की ‘आज काढण्यासारखे काय आहे?’ असा प्रश्न पडतो. अशा वेळी चुलीवरची भाकरी, दाराशी काढलेल्या चपला, कामावरून परतलेल्या माणसाचे हात यांकडे लक्ष जाते. एरवी नजरेतून निसटणाऱ्या गोष्टी पाहण्याची सवय लागते, हा या छंदाचा खरा लाभ होय. एखादा दिवस चुकला, तर नेम मोडला असे मानून तो सोडून देऊ नये; दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी.

चित्राला शब्दांची जोड हवी. तारीख, स्थळ, चित्रातील माणसांची नावे आणि एक वाक्य, एवढे त्याच दिवशी लिहावे. घराघरांत जुन्या पेट्यांमध्ये असे फोटो सापडतात, की ज्यांतील माणसे कोण हे सांगणारे कोणी उरलेले नसते. शिवाय, ज्यांचा लिहिण्याचा सराव सुटला आहे, त्यांना चित्राखालचे एक वाक्य लिहिणे जड वाटत नाही. वर्षभरात तशी ३६५ वाक्ये त्यांच्या हातून लिहून होतात.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. कोणाचेही छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय घेऊ नये. तसेच, मोबाइल हरवला किंवा बिघडला तर वर्षाचे श्रम वाया जातात. म्हणून चित्रांची एक प्रत दुसरीकडे जपावी आणि निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत.

लग्नकार्ये आणि सणसमारंभ यांची छायाचित्रे बहुतेक घरांत असतात. माणसाचे बरेचसे आयुष्य मात्र या प्रसंगांच्या मधल्या दिवसांत जाते. त्या दिवसांची साक्ष ही रोजनिशी देते.

पाठगत प्रश्न
१. जेमी लिव्हिंग्स्टन यांच्या चित्रमालिकेचे सामर्थ्य कशात आहे?
२. छायाचित्राखाली मजकूर लिहिणे का आवश्यक आहे?
३. आठ दिवस रोज एक छायाचित्र काढा किंवा पाहिलेल्या एका दृश्याची निवड करा आणि प्रत्येकाविषयी एक वाक्य लिहा.