वायंडिंगवाला लाइटमन

पहाटे 5.15. मीरा रोड. एका खोलीत पाच जण, त्यातले तिघे सेटवर कामाला. आपला माणूस नांदेडकडच्या बिलोलीचा. गावात मोटारींचं वायंडिंग करायचा. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. बिलोलीकडेही विहिरी आटल्या. मोटार चाललीच नाही तर जळणार कुठून? दुकान भावावर टाकून त्यानं धर्माबादला देवगिरी एक्स्प्रेस धरली. तेव्हा वय अडतीस.

6.00. शेअर रिक्षा 20 रुपये, चहा 10. पुढचा टप्पा पायी. तेवढेच वाचतात.

7.00. घोडबंदर रोडवर मालिकेचा सेट, वाड्याचा. आधी केबल. जाड, काळी, रात्रीच्या दवानं ओली. खांद्यावर वेटोळं घेऊन तो जनरेटर व्हॅनपासून वाड्याच्या चौकापर्यंत सोडत जातो. मग स्टँड, त्यावर एचएमआय दिवा, खाली त्याचा चोक. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या. बिलोलीच्या माणसाला मांजरा नदीची वाळू माहीत. ही पिशवी तो चाळा म्हणून हातात तोलून बघतो.

9.30. "दादा, थर्माकोल जरा आत." त्या पांढऱ्या पाटीवर तो ऊन झेलून नायिकेच्या गालावर टाकतो. शॉट संपेपर्यंत हात वरच. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारे फाळके आधी फोटोग्राफी आणि छापखाना करत होते. या धंद्याची सुरुवातच धंदा बदललेल्या माणसानं केलीय, हे मला फार मोलाचं वाटतं.

11.40. केबलच्या जोडावर हात ठेवून तो थांबतो. गरम. "एकाच फेजवर लोड चाललाय." गॅफरला, म्हणजे दिव्यांच्या प्रमुखाला सांगतो, दिवे बंद करायला लावतो, लोड तिन्ही फेजवर वाटतो. एचएमआय पुन्हा पूर्ण प्रकाशाला यायला वेळ घेतो. सगळं युनिट थांबून राहतं. कुणी चिडत नाही. त्याचा हात सेटवर सगळ्यांना ठाऊक आहे.

2.00. जेवण. डाळ, भात, पोळी, बटाटा. हे युनिटकडून.

2.40 ते 7.00. वाड्यात रात्र करायची. खिडक्यांना काळं कापड. शिडीवर चढ-उतर. नवा बल्ब कापडानं धरायचा; बोटाचं तेल लागलं तर काच तडकू शकते.

7.10. पॅकअप. केबल पुसून गुंडाळायची, नाहीतर उद्या गाठी. शिफ्टचे बाराशे ठरलेले, पण हातात येतात तीन महिन्यांनी. रोज रोख मिळतो तो फक्त कन्व्हेयन्स. घरभाडं, खानावळ, युनियनच्या कार्डाचा हप्ता सगळं त्या मागच्या पैशांतून. तो म्हणतो, "गावात तरी काय होतं? सोयाबीन निघाल्यावरच पैसे यायचे."

9.00. पुतण्याचा फोन.

"काका, पाच एचपीची आलीय. तार किती भरू?"

"जुनी काढलेली तार वजन केलीस का? तेवढीच भर. वार्निश नीट वाळू दे. अन् शेतकऱ्याला म्हणाव, मजुरी राशीनंतर दे. तांब्याचे पैसे मात्र आज घे."

उद्याचा कॉलटाइम 7.