शब्दांची भावकी (भाग 9) : पराणीची आर

मे महिना तोंडावर आला की लातूरच्या खानावळींत आणि नांदेडच्या वसतिगृहांत एकच प्रश्न फिरत असतो, "तुझं सेंटर कुठं आलं?" नीटचं प्रवेशपत्र हाती आलेलं असतं आणि अभ्यासापेक्षा त्या एका ओळीचीच चर्चा जास्त होते. गावाकडून फोनवर बाप विचारतो, "केंद्र कुठलं?" पोरगं सेंटर म्हणतं, बाप केंद्र म्हणतो. एक शब्द इंग्रजी आणि दुसरा संस्कृत, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोघांचा बाप एकच आहे आणि तो ग्रीक आहे. या आठवड्यात त्याच घराण्यात जाऊ.

जुन्या ग्रीक भाषेत 'केंटेइन' म्हणजे टोचणं. ज्यानं टोचायचं ते 'केंट्रॉन'. बैल हाकायच्या काठीला पुढं अणकुचीदार टोक असतं ना, तेच. आपल्याकडं त्या काठीला पराणी म्हणतात आणि टोकाच्या लोखंडाला आर. ग्रीक शेतकऱ्याच्या हातातलं हे टोक भूमितीवाल्यांनी उचललं. वर्तुळ काढायचं तर कर्कटकाचं एक टोक कागदात रुतवावं लागतं, ते हललं की वर्तुळ बिघडतं. जिथं टोक रुतलं त्या जागेचंही नाव मग केंट्रॉन पडलं. लॅटिनमध्ये त्याचं 'सेंट्रम' झालं, फ्रेंचमधून ते इंग्रजीत उतरलं आणि सेंटर म्हणून आपल्या प्रवेशपत्रावर येऊन बसलं. मधला बिंदू हा अर्थ असा नंतरचा आहे, आधी होतं ते टोचणं.

ही हकीकत लातूरच्या पोरांना सांगण्यामागं कारण आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांमुळं नावारूपाला आलेला लातूर पॅटर्न म्हणजे शिस्त, सराव आणि पुन्हा सराव. त्याला नावं ठेवायची नाहीत, त्यानं हजारो घरांत पहिला डॉक्टर दिला. पण दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं औशाचं किंवा कंधारचं पोरगं अकरावीला विज्ञान घेतं आणि एका उन्हाळ्यात सगळी नावं बदलतात. काल जे तारककेंद्र होतं ते आज सेंट्रिओल होतं, गुणसूत्रबिंदूचा सेंट्रोमिअर होतो. नीटच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे, आणि जीवशास्त्र म्हणजे निम्मी नावंच. पोरं ती रट्टा मारून पाठ करतात. बाजारात 'रूट वर्ड्स'च्या याद्याही मिळतात, पण माझ्या मते त्या याद्या म्हणजे पाठांतरावर आणखी पाठांतर. धातूची गोष्ट कळली तरच तो कामाला येतो.

कसा, ते पेशीच्या धड्यातच पाहू. गुणसूत्राचा आवळलेला भाग म्हणजे सेंट्रोमिअर. यातला 'मेरोस' म्हणजे भाग किंवा तुकडा, जो पॉलिमर आणि मोनोमरमध्येही बसलेला आहे. हा आवळलेला भाग बरोबर मध्ये असला तर गुणसूत्र मेटासेंट्रिक, दोन्ही भुजा सारख्या. जरा सरकलेला असला तर सबमेटासेंट्रिक. टोकाजवळ गेला की अ‍ॅक्रोसेंट्रिक आणि अगदी शेवटाला असला की टेलोसेंट्रिक. 'आक्रोस' म्हणजे अगदी टोकाचं किंवा उंचावरचं. अथेन्सच्या टेकडीवरचं अ‍ॅक्रोपोलिस त्याचंच, आणि शुक्राणूच्या टोकावरची टोपी, अ‍ॅक्रोसोम, तीही त्याचीच. 'टेलोस' म्हणजे शेवट, म्हणून पेशीविभाजनाची शेवटची पायरी टेलोफेज. चार प्रकारांसाठी चार वेगळ्या चित्रांची गरज नाही. टोचणीची जागा कुठं ते नावच सांगतं. सबमेटासेंट्रिक या शब्दात मात्र लॅटिन 'सब' आणि ग्रीक 'मेटा' यांची सोयरीक लावली आहे. असली सोयरीक जुन्या पंडितांना खपत नसे, शास्त्रज्ञांना तिचं काही वाटत नाही. सेंट्रोसोम हे नाव जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी 1888 मध्ये दिलं. त्याच वर्षी वाल्डेयर यांनी क्रोमोसोम हा शब्द घडवला. दोन्हीतला 'सोमा' म्हणजे शरीर.

रसायनशास्त्रात हीच भावकी कॉन्सन्ट्रेशन होऊन भेटते. एका केंद्राशी गोळा करणं, मग ते द्रावणातलं मीठ असो की वर्गातलं लक्ष. भौतिकशास्त्रात एक्सेंट्रिसिटी आहे, आपल्या पुस्तकांतली उत्केंद्रता. 'एक' म्हणजे बाहेर (हा ग्रीक 'एक' आहे, आपल्या आकड्याशी त्याचा संबंध नाही). पृथ्वी विश्वाच्या मधोमध आहे असं मानणाऱ्या ग्रीक ज्योतिर्विदांना ग्रहांच्या चाली जुळवता येईनात. तेव्हा त्यांनी ग्रहांना अशी वर्तुळं दिली, ज्यांचं केंद्र पृथ्वीपासून बाजूला सरकलेलं होतं. ती एक्सेंट्रिक वर्तुळं. पुढं चारचौघांपासून सरकलेल्या माणसालाही तेच विशेषण लागलं. पृथ्वीच्या कक्षेची उत्केंद्रता जेमतेम 0.017 आहे, म्हणजे त्या मोजानं आपली पृथ्वी फारच सरळमार्गी.

इथं एक खोटी भावकी घुसते. सेंटीमीटर, सेंचुरी, पर्सेंटाईल हे शब्द ऐकायला सेंटरचे भाऊ वाटतात, पण ते दुसऱ्याच घरचे. त्यांचा मूळपुरुष लॅटिन 'सेंटम', म्हणजे शंभर. मराठवाड्यात गावोगाव देशमुख आहेत. देशमुखी हे वतन होतं आणि वतनावरून आडनाव पडलं, म्हणून कुठल्याही दोन देशमुखांची भावकी एक निघत नाही. शब्दांचंही तसंच, उच्चाराच्या आडनावावर जाऊ नये. गंमत अशी की हा सेंटम आपल्या 'शत'चा सख्खा भाऊ आहे. दोघेही एकाच आदिम भाषेतून आले, एकाच्या तोंडी 'क' राहिला आणि दुसऱ्याच्या तोंडी 'श' झाला. लॅटिन माणूस सेंटमचा उच्चार 'केंटुम' असा करी. सीईटीच्या निकालातला पर्सेंटाईल त्यामुळं रक्तानं आपला आहे, आणि केंद्र मात्र आपल्याकडं बाहेरून आलेलं आहे.

ते कधी आलं? इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीकांचं फलज्योतिष भारतात आलं, तेव्हा. 'यवनजातक' नावाचा संस्कृत ग्रंथ त्याच देवघेवीतून झाला. सहाव्या शतकात उज्जैनीच्या वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त तर ग्रीक शब्दांची रांगच आहे : होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम, जामित्र. कुंडलीतली पहिली, चौथी, सातवी आणि दहावी ही स्थानं म्हणजे केंद्रस्थानं. "गुरू केंद्रात आहे, काळजी करू नका" असं गुरुजी सांगतात तेव्हा त्यांच्या तोंडी अथेन्सच्या शेतकऱ्याची पराणी असते. होरा म्हणजे इंग्रजी अवर आणि हॉरोस्कोपमधला तोच ग्रीक शब्द. जामित्र म्हणजे 'डायमेट्रॉन', व्यास. वराहमिहिरानं सूर्याला 'हेलि' असंही नाव दिलं आहे, ते ग्रीक 'हेलिओस'. म्हणजे कोपर्निकसनं 1543 मध्ये सूर्याला मध्ये बसवलं, त्या मताला पुढं जे हेलिओसेंट्रिक नाव मिळालं त्याचे दोन्ही तुकडे उज्जैनीच्या त्या पोथीत कधीचे पडून होते. विचार मात्र नव्हता, नुसते शब्द होते.

आलेला पाहुणा घरचा झाला तो असा की त्याला आपण उपसर्ग-प्रत्यय लावून पोरंबाळं वाढवली. अभिकेंद्री बल, समकेंद्री वर्तुळं, विकेंद्रीकरण, पेशीतलं केंद्रक. जिल्हा परिषदेच्या शाळांवर केंद्रप्रमुख असतो. गावात आरोग्य उपकेंद्र, माळावर विजेचं उपकेंद्र. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं लातूरलाही उपकेंद्रच आहे.

या भागात मात्र सगळ्यांत जड शब्द एपिसेंटर. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारी. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून हजारो माणसं झोपेत गेली. 'एपि' म्हणजे वर. जमिनीच्या पोटात जिथं खडक तुटतो ते हायपोसेंटर, त्यातला 'हायपो' म्हणजे खाली. त्याच्या बरोबर वर, पृष्ठभागावर जी जागा येते ती एपिसेंटर. बातम्यांमध्ये दोन्हींना सरसकट केंद्रबिंदू म्हणतात, पण किल्लारीची शोकांतिका या दोहोंमधल्या अंतरातच आहे. भूकंप सहाच्या थोडा वरचा होता. जगाच्या हिशेबात हा काही महाभयंकर आकडा नव्हे. पण हायपोसेंटर फार उथळ होतं, त्यामुळं हादरा वाटेत विरला नाही. वर गावं होती दगड-मातीच्या जाडजूड भिंतींची, डोक्यावर मातीचं वजनदार माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारी ती माती त्या पहाटे माणसांच्या अंगावर आली. शिवाय दख्खनचं पठार स्थिर आहे, इथं काही होत नाही, असाच समज होता.

एपिसेंटरला मराठी पुस्तकांत अपिकेंद्र म्हणतात. ज्यानं कुणी हा शब्द केला त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. संस्कृत 'अपि' आणि ग्रीक 'एपि' हे एकाच पूर्वजाची लेकरं, सेंटम आणि शतासारखेच रक्ताचे. केंद्र तर ग्रीकांकडूनच घेतलेलं. शब्दाची एक बाजू सख्खी आणि दुसरी दत्तक, तरी इंग्रजी शब्दाशी तो अक्षराला अक्षर जुळतो. एपि आणि हायपोची जोडी जीवशास्त्रात पावलोपावली लागते. त्वचेचा वरचा थर एपिडर्मिस, झाडावर वाढणारी वनस्पती एपिफाइट. हरभऱ्याच्या बियाण्यात दलांच्या वरचा अक्ष एपिकॉटिल, खालचा हायपोकॉटिल. हरभरा रब्बीत अर्ध्या लातूर जिल्ह्यात पिकतो, एक भिजवून सोलून पाहिला तरी हे दोन शब्द पुन्हा चुकणार नाहीत.

केंटेइनचा मूळचा टोचण्याचा अर्थ वैद्यकानं जसाच्या तसा ठेवला. बारावीच्या पुस्तकातला अम्निओसेंटेसिस म्हणजे गर्भाभोवतीच्या पिशवीला सुई टोचून पाणी काढणं. गर्भातले जनुकीय दोष शोधायला निघालेली ही तपासणी मुलगी ओळखायला वापरली गेली. तिला कायद्यानं आवर घालणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, 1988 मध्ये. देशाचा कायदा 1994 चा. बारावीच्या पोरींना या शब्दावर प्रश्न येतो तेव्हा तो त्यांच्या अभ्यासाइतकाच त्यांच्या जन्माचाही विषय असतो.

शेवटी सेंट्रिपीटल, आपलं अभिकेंद्री. गोफण फिरवताना दोरी दगडाला हाताकडं ओढते ते बल. हे नाव न्यूटननं दिलं. हायगेन्सनं आधी केंद्रापासून पळणारं, म्हणजे सेंट्रिफ्यूगल, असं नाव वापरलं होतं. त्याच्या जोडीला न्यूटननं केंद्राकडं धावणारं असा शब्द केला आणि 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त तो रूढ केला. यातलं 'पेटेरे' हे लॅटिन क्रियापद, अर्थ एखाद्या गोष्टीच्या मागं लागणं, ती मागणं. अ‍ॅपेटाइट त्याचंच, भूक अन्नाच्या मागं लागते. सगळे मिळून एकाच गोष्टीच्या मागं लागले की कॉम्पिटिशन. न्यायालयाकडं मागणं मागितलं की पिटिशन. आणि पुन्हा त्याच गोष्टीच्या मागं लागणं म्हणजे रिपीट. लातूर-नांदेडच्या क्लासच्या पाट्यांवर ठळक अक्षरांत जी 'रिपीटर बॅच' लिहिलेली असते, तिचं कूळ हे. 2024 मध्ये नीट पुन्हा घ्या म्हणून सर्वोच्च न्यायालयात पिटिशनांवर पिटिशनं गेली आणि 23 जुलैला न्यायालयानं ती मागणी फेटाळली. कॉम्पिटिशन, पिटिशन आणि रिपीट, एकाच उन्हाळ्यात तिघेही भाऊ एकाच दारात उभे होते.

पुढच्या आठवड्यात 'फुगेरे', म्हणजे पळणं : रक्ततपासणीतल्या सेंट्रिफ्यूजपासून सरहद्दीवरच्या रेफ्यूजीपर्यंत.