लसूण, लोणी आणि भाजलेला पाव



पस्तीस वर्षें खडू आणि फळा यांच्या संगतींत काढलेल्या माणसानें नभोवाणीवर यावें आणि बोलावें तें लसूण-लोणी लावून भाजलेल्या पावाविषयीं, याचें आपणांस नवल वाटेल. मलाही वाटतें. पण हा विषय मीं निवडला नाहीं; त्यानेंच मला निवडलें. तें कसें, तें आधीं सांगतों.

दोन वर्षांपूर्वीं ऐन श्रावणांत आमची मंडळी अंगणांत पाय घसरून पडली आणि तिचा उजवा हात मनगटांत मोडला. मुलें नोकरीनिमित्त पुण्याला. घरांत आम्ही दोघेंच. चूल एकाएकीं माझ्याकडे आली. साठी उलटलेला, शेंकडों मुलांना मार्गी लावलेला मी गृहस्थ. पण ज्वारीचें पीठ कोणत्या डब्यांत असतें हेंही मला ठाऊक नव्हतें. भाकरी थापणें आपल्या हातून व्हावयाचें नाहीं हें पहिल्याच दिवशीं कळलें. तेव्हां कोपऱ्यावरच्या दुकानांतून पाव आणला आणि नात आली असतां मोठ्या आवडीनें मागते तो लसणाचा पाव करावयाचें ठरविलें.

मीं तवा तापविला, त्यावर लोण्याचा गोळा टाकला, वर लसूण टाकला आणि मग पाव कापावयास बसलों. पाव कापून होईपर्यंत लसणाचा कोळसा झाला होता. तशांतच पाव बुडविला. वरून काळा, आंतून तेलकट आणि लिबलिबीत असा तो पदार्थ मीं ताटांत वाढला. मंडळींनीं डाव्या हातानें तो तुकडा उचलला आणि मुकाट्यानें खाल्ला. आमटींत मीठ कमी पडलें तर मीं जन्मभर तें बोलून दाखविलें होतें. तिनें मात्र माझा करपलेला लसूण एका शब्दानेंही बोलून दाखविला नाहीं. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून मीं हा विषय विद्यार्थ्याप्रमाणें शिकावयास घेतला. जें शिकलों तें आज आपल्यापुढें मांडतों.

प्रथम पावाचा विचार करूं. पावाचें पीठ पायांनीं तुडवितात म्हणून त्यास पाव म्हणतात, असें आमच्या लहानपणीं मोठीं माणसें सांगत. तें खरें नव्हे. पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला. १५१० सालीं पोर्तुगिजांनीं गोवें घेतलें आणि त्यांच्याबरोबर आंबविलेल्या गव्हाच्या पिठाची ही भाकरी आपल्या किनाऱ्यावर उतरली. गोव्यांत पाव भाजणाऱ्यास पोदेर म्हणतात. पीठ फुगविण्यासाठीं तेथें पूर्वीं माडाची सुरा वापरीत. आपला परभणी जिल्हा ज्वारीचा. आमच्या बाळपणीं पाव हें आजाऱ्याचें अन्न समजत. दुधांत बुडवून तो रोग्यास देत. आज जिंतूर, सेलू, गंगाखेड अशा गांवीं तो रोज मिळतो आणि अनेक घरीं दुसऱ्या दिवशीं शिळा म्हणून टाकलाही जातो. आजच्या पदार्थाला असा कालचा पावच अधिक चांगला. ताज्या पावांत ओल फार असते. तो भाजला तरी लवकर कुरकुरीत होत नाहीं आणि लोणी लावूं गेलें तर फाटतो.

पाव शिळा होतो म्हणजे काय होतें? तो वाळतो, असें आपण समजतों. परंतु १८५२ सालीं बूसिंगो नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, हवाबंद ठेवून पाण्याचा अंशही उडूं न दिलेला पाव तसाच शिळा होतो, आणि तोच ऊन केला असतां पुन्हां मऊ होतो. भाजतांना गव्हांतील पिष्ट पाणी पिऊन फुगतें आणि मोकळें होतें. थंड होतांच तें हळूहळू पुन्हां घट्ट बांधलें जातें. ऊब लागली कीं ती बांधणी सैल पडते. म्हणून शिळा पाव तव्यावर जणूं पुन्हां तरुण होतो. यांतूनच आणखी एक गोष्ट निघते. ही घट्ट होण्याची क्रिया थंडींत अधिक वेगानें होते. सबब शीतकपाटांत ठेवलेला पाव बाहेरच्या पावापेक्षां लवकर शिळा होतो. पावसाळ्यांत बुरशीच्या भीतीनें तो आंत ठेवावा लागला, तर भाजूनच खावा.

आतां लोणी. बाजारांतील लोण्यांत शंभर भागांपैकीं सुमारें ऐंशी भाग स्निग्धांश, सुमारें सोळा भाग पाणी आणि उरलेला भाग दुधांतील इतर द्रव्यें व मीठ असें मिश्रण असतें. तें खारट असतें, म्हणून त्यांत वेगळें मीठ फार घालूं नये. घरीं ताक घुसळून काढलेलें लोणी वापरावयाचें असेल तर तें गार पाण्यानें दोनतीन वेळां धुवावें आणि तळहातावर दाबून पाणी काढून टाकावें. ताक राहिलें तर लोणी तव्यावर उडतें आणि पाव भिजतो. लोणी मऊ असावें, पातळ नसावें. वितळलेलें लोणी पावाच्या छिद्रांतून थेट खालीं उतरतें. मऊ लोणी वर बसून हळूहळू मुरतें.

तिसरी गोष्ट लसूण. लसणाची सोललेली अखंड पाकळी हुंगून पाहा. वास अगदीं मंद. तीच ठेचा, घरभर वार्ता जाते. याचें कारण असें कीं पाकळींत ॲलिन नांवाचें द्रव्य आणि ॲलिनेज नांवाचें विकर हीं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. ठेचतांना कप्पे फुटतात, दोघांची गांठ पडते आणि ॲलिसिन हें उग्र द्रव्य जन्मास येतें. १९४४ सालीं कॅव्हालिटो आणि बेली या दोन संशोधकांनीं तें अमेरिकेंत वेगळें काढून दाखविलें. हें विकर उष्णता सहन करीत नाहीं. म्हणून लसूण ठेचल्याबरोबर तव्यावर न टाकतां दहा मिनिटें तसाच ठेवावा, म्हणजे त्याची चव पुरती तयार होते. शिवाय लसणांत साखरेच्या जातीचीं द्रव्यें पुष्कळ असतात. त्यामुळें त्याचे बारीक कण आंच लागतांच तांबूस होतात आणि क्षणार्धांत काळे व कडू पडतात. माझ्या पहिल्या दिवशींच्या फजितीचें मूळ येथें होतें.

प्रत्यक्ष कृति अशी. दोन माणसांसाठीं पावाचे बोटभर जाडीचे चार काप घ्यावे. लादीपाव असल्यास आडवा चिरून दोन भाग करावे. लसणाच्या सहा पाकळ्या चिमूटभर मिठासह खलबत्त्यांत ठेचाव्या आणि दहा मिनिटांनीं चार चमचे मऊ लोण्यांत कालवाव्या. त्यांत बारीक चिरलेली कोथिंबीर घालावी. आवडीप्रमाणें किंचित् लाल तिखट घालण्यास हरकत नाहीं. लोखंडी तवा मध्यम आंचेवर तापवून मग आंच मंद करावी. काप कोरडेच ठेवून दोन्ही बाजूंनीं फिकट बदामी होईपर्यंत भाजावे. नंतर एका बाजूस कालविलेलें लोणी कांठापर्यंत सारखें लावावें. लोण्याची बाजू वर ठेवून काप पुन्हां तव्यावर ठेवावे आणि एक मिनिट झांकण घालावें, म्हणजे लोणी वितळून आंत उतरेल. शेवटीं झांकण काढून लोण्याची बाजू अर्धें मिनिट तव्याला लावावी, आणि लगेच ताटांत घ्यावें. आधीं कोरडें भाजण्याचें मर्म हें कीं, भाजलेला पृष्ठभाग लोणी धरून ठेवतो आणि पाव लिबलिबीत होत नाहीं.

हें अर्धें मिनिट कसें ओळखावें? श्रोतेहो, येथें आपल्या कामीं डोळ्यांपेक्षां कान अधिक येतात. लोण्याची बाजू तव्याला लागतांच चरचर असा आवाज येतो. तो लोण्यांतील पाण्याचा. पाणी उकळत आहे तोंवर त्याची उष्णता शंभर अंशांच्या फारशी पुढें जात नाहीं, म्हणून लसूण सुरक्षित असतो. आवाज मंदावला म्हणजे पाणी संपलें आणि उष्णता भराभर चढूं लागली असें समजावें. पावावरचा तांबूस रंग आणि खमंग वास यांना पाण्याच्या उत्कळनबिंदूपेक्षां पुष्कळ अधिक उष्णता लागते; पिठांतील प्रथिनें आणि शर्करा यांच्या संयोगाची ही क्रिया माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं प्रथम वर्णिली. पण तीच उष्णता आणखी थोडी वाढली कीं लसूण कडू. सारांश, चरचर थांबूं लागली कीं उलथणें हातीं घ्यावें. हा धडा मला मंडळींनींच दिला. ती उंबऱ्यावर गळ्यांत हात अडकवून बसलेली असे आणि तेथूनच सांगे, "अहो, आवाज गेला, उलटा आतां." मी तव्याकडे टक लावून पाहत असें, आणि तिला पाठमोऱ्या तव्याचें मन कळत असे.

पाव नसला म्हणून या पदार्थावाचून अडत नाहीं. कालची ज्वारीची भाकरी घ्यावी. ज्वारींत गव्हासारखा चिकट अंश नाहीं. म्हणून ती पावाप्रमाणें जाळीदार होत नाहीं, वाफेनें तिचा पापुद्रा तेवढा सुटतो, आणि रात्रींतून ती कडक होते. तिच्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून मंद आंचेवर फडक्यानें दाबीत भाजावी, पापुद्र्यावर हेंच लसणाचें लोणी लावावें आणि चतकोर चतकोर मोडून खावी. तिची खमंग चव मला पावापेक्षां सरस वाटते. आमच्या नातीलाही आतां तीच लागते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणें माझें कर्तव्य आहे. लसूण कालविलेलें लोणी बाहेर उबेंत दिवसचे दिवस ठेवूं नये. हवा न लागणाऱ्या स्निग्ध पदार्थांत कच्च्या लसणाबरोबर आलेले घातक जंतु वाढूं शकतात, आणि त्यांचें विष वासावरून किंवा चवीवरून ओळखूं येत नाहीं. लागेल तेवढेंच करावें. उरलें तर शीतकपाटांत ठेवून दोनतीन दिवसांत संपवावें. दुसरें असें कीं, लोणी हें जपून खाण्याचें अन्न आहे. हृदयविकार असणाऱ्यांनीं, तसेंच रक्त पातळ करण्याचें औषध चालू असणाऱ्यांनीं लोणी व लसूण यांचें प्रमाण वैद्यांस विचारून ठरवावें.

मंडळींचा हात दीड महिन्यानें बरा झाला आणि चूल तिच्याकडे परत गेली. पण सगळी गेली नाहीं. रविवारची सकाळ मीं माझ्याकडे ठेवली आहे. आज पुष्कळ घरीं मुलें दूर आणि म्हातारीं दोघें गांवीं, अशी स्थिति आहे. त्या दोघांपैकीं एकालाच चूल ठाऊक असेल, तर एका मोडलेल्या हातानें घर उपाशी राहतें. माझ्या वयाच्या पुरुष श्रोत्यांना माझी विनंती एवढीच कीं, हात मोडण्याची वाट पाहूं नका. आजच पिठाचा डबा कोठें आहे तें विचारून घ्या. आरंभ पावानें करा. तो चुका पोटांत घालतो.

आणि पहिला तुकडा करपला, तर जी कोणी तो मुकाट्यानें खाईल तिची आठवण पुढच्या वेळीं आमटी अळणी लागली म्हणजे ठेवा.